अवेस्ता आणि पहलवी : दोन लिप्यांचे संगणकीय संकेतन

जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची ५.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात झरथुष्ट्री धर्मग्रंथांच्या अवेस्ता लिपीला प्रथमच स्थान मिळाले. त्याच आवृत्तीत पार्थियन आणि सासानी राजांच्या शिलालेखांच्या लिप्याही आल्या. मात्र जिच्यापासून अवेस्ता लिपी घडवली गेली आणि जिच्यात मध्ययुगीन झरथुष्ट्री वाङ्मयाचा फार मोठा भाग लिहिलेला आहे, ती ग्रंथपहलवी, म्हणजे हस्तलिखितांतील जलद वळणाची पहलवी लिपी, २०२४ च्या १६.० या आवृत्तीतही नाही. मुलगी आत आली आणि आई उंबऱ्याबाहेर राहिली, या विसंगतीचे कारण संगणकात शोधून सापडत नाही. ते या दोन लिप्यांच्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या घडणीत आहे.

इराणी भाषांसाठी वापरली गेलेली सर्वात जुनी लिपी डावीकडून उजवीकडे जाते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हखामनी सम्राटांनी बेहिस्तून येथे आपले पराक्रम खोदले ते बाणाग्रलिपीत, आणि जुन्या पर्शियन भाषेची ती लिपी युनिकोडमध्ये २००५ सालीच समाविष्ट झाली. पण ती लिपी राजाज्ञांपुरती होती. साम्राज्याचा रोजचा कारभार, म्हणजे हिशेब, हुकूम, सुभेदारांचा पत्रव्यवहार, अरमाईक भाषेत आणि अरमाईक लिपीत चाले. ही बावीस व्यंजनांची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाई आणि तिच्यात स्वरांना स्वतंत्र चिन्हे जवळजवळ नव्हती. सिकंदराच्या स्वारीनंतर साम्राज्य गेले, तरी कारकुनी पेशा टिकला, आणि निरनिराळ्या प्रांतांतील लेखकवर्ग हळूहळू आपापली इराणी भाषा त्याच अक्षरांत लिहू लागला. पार्थियन, पहलवी म्हणजे मध्य पर्शियन, सोग्दियन या भाषांच्या लिप्या अशा रीतीने एकाच अरमाईक मुळातून फुटल्या.

या कारकुनी वारशाची एक विलक्षण खूण पहलवीत शेवटपर्यंत राहिली. लेखक अनेक शब्द अरमाईक रूपात लिहीत आणि वाचताना इराणी शब्द उच्चारत. लिहिले जाई ‘मल्का’, वाचले जाई ‘शाह’. लिहिले जाई ‘लह्मा’, वाचले जाई ‘नान’. या पद्धतीला झरथुष्ट्री परंपरेत हुझवारेश म्हणतात. दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न अल्-नदीम याने आपल्या ग्रंथसूचीत या पद्धतीचे वर्णन करताना भाकरीचे हेच उदाहरण दिले आहे. अशा लिपीत अक्षर पाहून शब्द उच्चारता येत नाही. शब्द आधी ठाऊक असावा लागतो.

त्यातच अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. तिसऱ्या शतकात पहिल्या शापूरने नक्श-ए-रुस्तम येथील ‘काबा-ए-झरथुश्त’ या वास्तूवर पार्थियन, मध्य पर्शियन आणि ग्रीक अशा तीन भाषांत आपला लेख कोरला. त्यातील पार्थियन लिपीत बावीसही अक्षरे शाबूत आहेत. मध्य पर्शियन लिपीत मात्र ‘व’, ‘ऐन’ आणि ‘र’ यांचे एकच चिन्ह झाले होते, ‘म’ आणि ‘क़’ यांचेही एकच, त्यामुळे तेथे एकोणीस अक्षरे उरली होती. पुढे तुर्फानजवळ बुलायिक येथील ख्रिस्ती मठाच्या अवशेषांत बायबलमधील स्तोत्रांच्या पहलवी भाषांतराची काही पाने सापडली. त्यांतील वळण अधिक जलद आणि जोडलेले आहे आणि तेथे अक्षरे अठरा आहेत. ग्रंथपहलवीपर्यंत येता येता ‘न’ हाही ‘व’ आणि ‘र’ यांच्या चिन्हात विलीन झाला, ‘ग’, ‘द’ आणि ‘य’ एकरूप झाले, आणि बावीस अक्षरांची जागा बारा-तेरा आकृत्यांनी घेतली. शिवाय या आकृत्या एकमेकींना चिकटून नवी जोडाक्षरे तयार करतात, आणि ती पुन्हा एखाद्या तिसऱ्याच अक्षरासारखी दिसतात. परमेश्वराचे ‘ओह्रमझ्द’ हे नाव पारशी धर्मगुरूंच्या परंपरेत कित्येक पिढ्या ‘अनहोमा’ असे वाचले जात होते, आणि लेखी आकृतीकडे पाहता हे वाचन अजिबात चुकीचे नव्हते, कारण त्या रेषांतून दोन्ही वाचने सारख्याच न्याय्यतेने निघतात. शिलालेखांत ‘न’ वेगळा असल्याने तेथे अशी शंका उरत नाही.

अवेस्ता लिपी या गोंधळावरचा उतारा म्हणून जन्मली. अवेस्ता, म्हणजे झरथुष्ट्राच्या गाथा आणि त्यांच्यासोबतचे यज्ञपाठ, ही सासानी काळाच्याही कितीतरी आधीची मौखिक रचना असून ती वेदपाठाप्रमाणेच उच्चाराच्या शुद्धतेवर उभी होती. तिची भाषा सासानी काळी बोलचालीतून केव्हाच गेलेली होती आणि एक स्वर चुकला तर विधी बिघडतो, ही श्रद्धा तिच्यामागे होती. असा पाठ पहलवी लिपीत उतरवणे म्हणजे तो हरवणेच होते. म्हणून सासानी काळात, बहुधा पाचव्या-सहाव्या शतकात, कोणा अनाम पंडिताने किंवा पंडितमंडळाने पहलवीची अक्षरे घेऊन, त्यांना शेपट्या, फाटे आणि वळणे देऊन, ध्वनी तेवढी चिन्हे या तत्त्वावर नवी लिपी रचली. ऱ्हस्व आणि दीर्घ स्वरांना पूर्ण अक्षराचा दर्जा मिळाला, अनुनासिक स्वरांना वेगळी अक्षरे आली, ‘श’च्या तीन छटा आणि ‘न’च्या कितीतरी छटा स्वतंत्रपणे नोंदवल्या गेल्या. पन्नासहून अधिक अक्षरांची ही वर्णमाला एका बैठकीत विचारपूर्वक आखलेली आहे, हे तिच्याकडे पाहताक्षणी जाणवते. प्राचीन जगात ध्वनिविचारावर इतक्या निष्ठेने उभारलेल्या लिप्या फारशा नाहीत. अवेस्ताच्या भाषेत ‘ल’ हा ध्वनी नाही. तरीही या लिपीत ‘ल’चे अक्षर आहे, कारण पुढे मध्य पर्शियन मजकूरही संदिग्धता टाळण्यासाठी याच लिपीत लिहिला जाऊ लागला. त्या लेखनाला पाझंद म्हणतात.

इराणात इस्लामी सत्ता आल्यानंतर या दोन्ही लिप्या धर्मगुरूंच्या घराण्यांपुरत्या राहिल्या आणि त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सरकला. साष्टीतील कान्हेरीच्या एका बौद्ध लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या झरथुष्ट्री प्रवाशांनी आपली नावे पहलवीत कोरून ठेवली आहेत. महाराष्ट्राच्या भूमीवर इराणी लिपीचा वापर किती जुना आहे, याचा हा निःसंशय पुरावा आहे. इराणातून आलेला मेहेरबान कैखुस्रू हा लेखक १३२३-२४ साली खंबायत आणि नवसारी येथे यस्न आणि वेंदिदाद या अवेस्ताच्या भागांच्या प्रती लिहीत होता, आणि आज जगभरच्या अवेस्ताच्या संपादित आवृत्त्या ज्या मोजक्या जुन्या हस्तलिखितांवर उभ्या आहेत, त्यांत त्याच्या हातच्या प्रती अग्रभागी येतात. त्यांपैकी यस्नाची एक प्रत मुंबईचे दस्तूर, म्हणजे वरिष्ठ पारशी धर्मगुरू, जामास्पजी यांनी ऑक्सफर्डला दिली आणि १८९३ साली तिची छायाप्रत तेथे प्रसिद्ध झाली. त्याआधी फ्रेंच तरुण आंकेतील द्युपेरोन सुरतेस येऊन दस्तुरांकडे शिकला होता आणि त्याने १७७१ मध्ये अवेस्ताचे पहिले युरोपीय भाषांतर छापले होते. डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क १८२० मध्ये मुंबईत आला आणि त्याने नेलेली हस्तलिखिते कोपनहेगनच्या संग्रहात गेली.

एकोणिसाव्या शतकात या लिप्यांपुढे छपाईचा प्रश्न उभा राहिला, आणि संगणकीय संकेतनाची खरी पूर्वपीठिका तेथेच आहे, कारण छापखान्यातील खिळा हाही एक प्रकारचा संकेतच असतो : एका खणात एक आकृती. युरोपातील आरंभीच्या संपादकांनी शिळाप्रेसचा आधार घेऊन हस्तलिखिताची आकृती जशीच्या तशी उतरवली. नंतर अवेस्ताचे खिळे पाडले गेले, वेस्टरगार्डची आवृत्ती कोपनहेगनला १८५२-५४ मध्ये निघाली, आणि शंभराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहणारी कार्ल गेल्डनरची आवृत्ती १८८६ ते १८९६ या काळात श्टुटगार्टला तीन खंडांत छापली गेली. पुण्यात १८५९ ते १८६६ या काळात संस्कृतचे अध्यापक असलेले मार्टिन हौग, पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी आसा आणि कापूस दाबण्याच्या कारखान्यांची देखरेख करण्यासाठी मुंबईत येऊन पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता झालेला एडवर्ड विल्यम वेस्ट, या तिघांच्या सहकार्यातून पहलवी शब्दकोश आणि १८७२ मध्ये अर्दा विराफचा ग्रंथ बाहेर पडला. कान्हेरीचे पहलवी लेख वाचून प्रसिद्ध करणारा हाच वेस्ट. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी युरोपात शिकून आल्यावर १८६१ पासून मुंबईत तरुण धर्मगुरूंना नव्या व्युत्पत्तिशास्त्राच्या आधारे अवेस्ता आणि पहलवी शिकवायला सुरुवात केली आणि संपादकांची एक सबंध पिढी तयार झाली.

त्या पिढीने पहलवी कशी छापली, हे पाहण्यासारखे आहे. दिनकर्द या महाकाय ग्रंथाची मदन यांनी संपादित केलेली आवृत्ती १९११ मध्ये मुंबईत दोन खंडांत निघाली, ती पहलवी खिळ्यांत. जुळारी त्या खिळ्यांत ‘व’, ‘न’ आणि ‘र’ असे वेगवेगळे खण ठेवत नव्हता. त्याच्याकडे एका आकृतीचा एकच खिळा होता आणि तिचा उच्चार काय, हा प्रश्न त्याने वाचणाऱ्यावर सोडला होता. आकृतीवरही भरवसा नसेल तेथे छायाप्रतीचा मार्ग घेतला गेला, जसा बृहद् बुंदहिश्न या पहलवी ग्रंथाच्या एका महत्त्वाच्या हस्तलिखितासाठी मुंबईत १९०८ साली घेतला गेला. सामान्य पारशी उपासकासाठी तर खोर्देह अवेस्ता, म्हणजे नित्याच्या प्रार्थनांचे पुस्तक, गुजराती लिपीतच छापले जाऊ लागले आणि मूळ लिपी अभ्यासकांची आणि धर्मगुरूंची राहिली.

विद्यापीठांनी मात्र तिसराच रस्ता धरला. १९०४ मध्ये क्रिस्टियान बार्थोलोमेचा जुन्या इराणी भाषांचा कोश निघाला आणि तेव्हापासून अवेस्ता रोमन अक्षरांत, माथ्यावर आणि पायाशी खुणा देऊन लिहिण्याची रीत स्थिरावली. पुढे कार्ल होफमानने ती हस्तलिखितांतील प्रत्येक अक्षराशी नेमकी जुळेल अशी सुधारली. संगणक आले तेव्हा संशोधकांनी ग्रंथ याच रोमन रूपात भरले. मूळ लिपी हवी असेल तर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर अवेस्ताच्या आकृत्या बसवलेले फाँट वापरत. तो फाँट ज्याच्याकडे नसेल त्याच्या पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसे. ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’ या जुन्या मराठी फाँटांच्या काळात एका छापखान्यातला मराठी मजकूर दुसऱ्या छापखान्यात नेताना झालेली दैना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत त्यावर आणखी एक संकट होते : डावीकडून लिहिणाऱ्या यंत्राला फसवण्यासाठी ओळ उलट्या क्रमाने टंकित करावी लागे, मग तिच्यात शब्द शोधणे किंवा ओळीची लांबी बदलणे अशक्य होऊन बसे.

अवेस्ताच्या संकेतनाचा सुधारित प्रस्ताव मायकेल एव्हरसन आणि रूझबेह पूरनादेर यांनी २००७ मध्ये मांडला. त्यानुसार सोळा स्वर आणि अडतीस व्यंजने अशी चौपन्न अक्षरे, आणि त्यांच्या जोडीला संक्षेपाची खूण धरून सात विरामचिन्हे, अशी एकूण एकसष्ट चिन्हे ठरली. ही विरामचिन्हे, म्हणजे दोन ठिपक्यांखाली एक किंवा एका ठिपक्याखाली दोन, लहान, मोठे आणि वर्तुळाकार, त्यांच्या आकारांवरूनच वेगवेगळी मानली गेली. अवेस्ता हस्तलिखितांत प्रत्येक शब्दानंतर एक ठिपका येतो. त्यासाठी शब्द तोडणारा मधला ठिपका याच आवृत्तीत घेतला गेला आणि तो अवेस्तापुरता न ठेवता इतर लिप्यांनाही वापरता येईल असा सामाईक ठेवला, जो शहाणपणाचा निर्णय होता. अक्षरे एकमेकांना चिकटून येतात तेथे जोडरूपाला वेगळा क्रमांक न देता ते काम फाँटवर सोपवले गेले. थोडक्यात, क्रमांक अक्षराला मिळतो, त्याच्या प्रत्येक वळणाला नाही.

दिशेचा प्रश्न युनिकोडने सर्व लिप्यांसाठी एकदाच सोडवला आहे. मजकूर स्मृतीत उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, प्रत्येक अक्षराला त्याच्या स्वाभाविक दिशेचा गुणधर्म जोडलेला असतो, आणि पडद्यावर मांडणी करताना यंत्र त्या गुणधर्मावरून ओळ डावीकडे न्यायची की उजवीकडे, हे ठरवते. अवेस्ताच्या मधोमध रोमन किंवा नागरी शब्द आला तर तेवढा तुकडा आपल्या दिशेने वाहतो. जुन्या पारशी लेखकांपुढेही हा पेच होता, कारण पारशी धर्मगुरू नेर्योसंग धवलने केलेल्या संस्कृत भाषांतरासह यस्नाच्या प्रती लिहिताना एकाच पानावर विरुद्ध दिशांच्या दोन लिप्या आणाव्या लागत. त्यांपैकी काही हस्तलिखितांत लेखकांनी संस्कृतच्या ओळी चक्क उलट्या, डोके खाली करून लिहिल्या आहेत, म्हणजे त्याही उजवीकडून सुरू होतात. यंत्राच्या सोयीपेक्षा हा तोडगा अधिक धीट म्हटला पाहिजे.

शिलालेखांच्या लिप्यांचे काम तुलनेने सोपे होते. पार्थियनची बावीस अक्षरे आणि आठ अंकचिन्हे, सासानी शिलालेखांची एकोणीस अक्षरे आणि आठ अंकचिन्हे अशी नोंद झाली; अंक एक, दोन, तीन, चार, दहा, वीस, शंभर आणि हजार यांचे, बाकीच्या संख्या त्यांच्या जुळणीने. स्तोत्रांच्या पहलवीला २०१४ च्या ७.० या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे : ‘व’, ‘ऐन’ आणि ‘र’ यांचे चिन्ह ज्या लिप्यांत एक झाले होते, तेथे युनिकोडने त्या तिघांसाठी एकच क्रमांक दिला. डोळ्यांना एक दिसते ते एक, असा हा निवाडा होता.

याच निवाड्याने ग्रंथपहलवीचा प्रश्न सुटायला हवा होता. पण तो सुटला नाही, आणि २००७ पासून आजवर एकामागून एक मसुदे आले. अंशुमान पांडे यांनी २०१८ मध्ये प्राथमिक प्रस्ताव मांडला. मोडी लिपीचा युनिकोडसाठीचा प्रस्तावही त्यांचाच होता. वाद मुख्यतः दोन मतांत आहे. एक मत म्हणते की अक्षराला त्याच्या मूळ अरमाईक मूल्याप्रमाणे क्रमांक द्यावा, म्हणजे ‘न’ वेगळा, ‘र’ वेगळा, दिसायला ते एकच असले तरी. मग मजकुरात शब्द शोधता येईल आणि कोश करता येईल. दुसरे मत म्हणते की क्रमांक आकृतीला द्यावा. पहिल्या मताचा लाभ उघड आहे, पण त्याची किंमत जबर आहे. त्यात हस्तलिखित संगणकात भरण्याआधीच त्याचे वाचन पूर्ण झालेले असावे लागते. जेथे वाचन अनिश्चित आहे, आणि पहलवीत अशी स्थळे पानोपानी आहेत, तेथे भरणाऱ्याला अंदाज करावा लागतो, आणि दोन विद्वानांनी भरलेले एकच पान दोन वेगळे मजकूर होऊन बसते. मोडीच्या बाबतीत याची लहानशी आवृत्ती मराठी अभ्यासकांना परिचित आहे. रूढ मोडी लेखनात ऱ्हस्व आणि दीर्घ ‘इ’ यांत भेद पाळला जात नाही, पण २०१४ साली ७.० या आवृत्तीत मोडी आली तेव्हा दोन्हींना वेगळे क्रमांक मिळाले. जुना कागद उतरवताना कोणता निवडायचा, हे कागद सांगत नाही.

आकृतीच्या मतातही अडचण उरते. पहलवीची रेषा सलग वाहत असल्याने काही ठिकाणी एक आकृती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हेच निश्चित नसते. दोन लहान आकृत्यांची जोड एखाद्या तिसऱ्या मोठ्या आकृतीहून वेगळी ओळखू येत नाही. जोडरूपांना स्वतंत्र क्रमांक द्यावा की ती फाँटवर सोडावी, यावरही एकमत नाही. त्यात घाई करण्याला युनिकोडचा एक नियम आडवा येतो : एकदा दिलेला क्रमांक आणि त्याला जोडलेले नाव पुढे कधीही मागे घेतले जात नाही. चूक झाली तर ती कायमची.

तरीही दुसरे मतच ग्राह्य आहे. मुंबईच्या जुळाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी आकृतीचाच खिळा ठेवला होता, आणि त्या खिळ्यांनी छापलेला दिनकर्द आजही संशोधक वापरतात, कारण त्याने कोणाचेच वाचन लादलेले नाही. उच्चाराची नोंद करण्यासाठी रोमन लिप्यंतर आहेच आणि ते त्या कामाला पुरेसे आहे. त्याच कामासाठी सासानी पंडितांनी अवेस्ता लिपी घडवली होती आणि पाझंदाच्या लेखकांनी ती वापरलीही. पहलवी लिपीकडून तेच काम करून घेण्याचा आग्रह धरला, तर जी लिपी संगणकात येईल ती हस्तलिखितांतली पहलवी नसेल.